मुरासामेचं पातं आणि इनुझुका शिनो

कोगाच्या किल्ल्यात होर्यूकाकू नावाचा तीन मजली मनोरा आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या छपरावर १९ वर्षांचा एक तरुण उभा आहे. अंगभर जखमा, हातात तलवार. खाली एका बाजूला शिपायांनी भरलेलं आवार, दुसऱ्या बाजूला नदी. त्याला पकडायला एकच माणूस कौलांवरून वर येतो आहे. तोही तरुण, तोही एकटा, आणि त्याच्या हातात जित्ते नावाचा लोखंडी दांडा. गेली दोनशे वर्षं जपानी वाचकाच्या डोळ्यांसमोर हे चित्र आहे. छापील चित्रांत, काबुकीच्या रंगमंचावर, बाहुल्यांच्या मालिकेत, सिनेमात ते पुन्हा पुन्हा आलं आहे.

वर उभा असलेला तरुण म्हणजे इनुझुका शिनो, एका जपानी कादंबरीतला वीर. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिनोच्या हातात या क्षणी जी तलवार आहे ती त्याची नाही. ती त्याची नाही, म्हणूनच तो या छपरावर आहे.

कादंबरीचं नाव ‘नान्सो सातोमी हाक्केन्देन’. लेखक क्योकुतेइ बाकिन, जन्म १७६७, मृत्यू १८४८. पहिला भाग १८१४ साली निघाला आणि शेवटचा १८४२ साली. मधली २८ वर्षं हे लेखन चालू होतं. एकूण ९८ खंड, बांधणीत १०६ पुस्तकं, प्रकरणं १८०. या प्रकाराला योमिहोन म्हणत. योमिहोन म्हणजे चित्रं बघत चाळायचं नव्हे, तर वाचायचं पुस्तक. मजकूर लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेला आणि मधूनमधून एखादं पानभर चित्र. ही पुस्तकं महाग असत, त्यामुळे सामान्य वाचक ती विकत घेत नसे. पुस्तकांचं गाठोडं पाठीवर घेऊन घरोघर फिरणारे भाडेवाले होते, त्यांच्याकडून तो ती वाचायला घेई. १८०८ साली एकट्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, असे ६५६ भाडेवाले नोंदलेले होते. एक भाग वाचून झाला की पुढचा यायला कधी वर्ष लागे, कधी त्याहून जास्त. हे ध्यानात ठेवायला हवं. इतक्या काळानंतर वाचकाला मागचं आठवेल, अशी खूण प्रत्येक पात्राबरोबर ठेवणं बाकिनला भाग होतं. मणी, जन्मखूण आणि तलवार या त्याच खुणा.

मण्यांची कथा थोडक्यात सांगतो. १४४१ साली युकीचा किल्ला पडला. हा खरा इतिहास आहे. कादंबरीत तिथून निसटलेला सातोमी योशिझाने आवा प्रांतात येतो. आवा म्हणजे आजच्या चिबा जिल्ह्याचं दक्षिण टोक. तिथल्या जुलमी सरदाराला हरवल्यावर त्याची बायको तामाझुसा हिला योशिझाने आधी अभय देतो आणि मग सल्लागाराच्या सांगण्यावरून शब्द फिरवतो. मरताना ती शाप देते की तुझ्या वंशाला मी कुत्र्यांच्या गतीला नेईन. पुढे वेढ्यात अडकलेला योशिझाने यात्सुफुसा नावाच्या आपल्या कुत्र्याला थट्टेनं म्हणतो, शत्रूचं मुंडकं आण, मुलगी देतो. कुत्रा खरोखरच मुंडकं घेऊन येतो. ‘दिलेला शब्द मोडू नका’ असं म्हणत राजकन्या फुसे स्वतः त्या कुत्र्याबरोबर डोंगरात जाते. गळ्यात जपमाळ आणि सोबत सद्धर्मपुंडरीक सूत्र.

ती माळ आपल्या ओळखीची आहे, १०८ मण्यांची. त्यातले आठ मणी मोठे आणि प्रत्येकावर एकेक अक्षर: करुणा, कर्तव्य, रीत, शहाणपण, निष्ठा, सचोटी, मातापित्यांची भक्ती आणि वडील भावंडांचा मान. मधल्या काळात ही अक्षरं पुसली जातात आणि त्या जागी एक आठ अक्षरी बौद्ध वाक्य उमटतं. त्याचा अर्थ असा की अशा पशूच्या ठायीही बोधिचित्त जागं होतं. शेवटी फुसे आपली शुद्धता दाखवण्यासाठी स्वतःचं पोट चिरते. जखमेतून पांढरी वाफ निघते आणि आठ मणी आठ दिशांना उडतात. ते मणी ज्यांच्याकडे पोचतात ते आठ तरुण म्हणजे हाक्केन्शी, आठ श्वानवीर. प्रत्येकाच्या आडनावात ‘इनु’ आहे, म्हणजे कुत्रा. प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी पिओनी फुलासारखी जन्मखूण आहे, कारण यात्सुफुसाच्या अंगावर तसेच आठ ठिपके होते.

बाकिनचं डोकं कसं चाले ते नावांवरून कळतं. ‘फुसे’ हे नाव ज्या अक्षरानं लिहितात त्यात डावीकडे माणसाचं चिन्ह आहे आणि उजवीकडे कुत्र्याचं. म्हणजे राजकन्येचं नशीब तिच्या नावातच लिहून ठेवलेलं आहे. तिच्यासाठी योजलेला तरुण पुढे संन्यासी होतो आणि चुदाइ हे नाव घेतो. ‘कुत्रा’ या अक्षरातला ठिपका बाजूला काढला की उरतं ‘मोठा’. ठिपका म्हणजे चु, मोठा म्हणजे दाइ. कुत्रा फोडून संन्यासी झाला. शिनोच्या मण्यावरचं अक्षर आहे ‘को’, मातापित्यांची भक्ती. त्या अक्षरात वर म्हातारा आहे आणि खाली मूल. मुलानं म्हाताऱ्याला तोलून धरलेलं आहे.

शिनोचं घराणं ओत्सुका गावचं. हे गाव आजच्या टोकियो शहरात येतं. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्याला मुलीसारखं नटवून वाढवलं. आपल्याकडे मूल जगत नाही म्हटल्यावर त्याचं नाव धोंडू, दगडू ठेवत, त्यामागचीच ही समजूत आहे. मृत्यूची नजर चुकवायची. मुलीच्या वेशातला हा मुलगा यात्सुफुसाच्या जातकुळीतल्या वाटणाऱ्या योशिरो नावाच्या कुत्र्यावर बसून गावभर हिंडतो. सिनेमावाले हा भाग बहुतेक गाळतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण या मुलाला जगवण्यासाठी घरानं किती धडपड केली आहे ते तिथे दिसतं. पुढे आई आजारानं जाते आणि बापाची जबाबदारी कोवळ्या वयात त्याच्यावर येते.

बाप बानसाकू, एका पायानं अधू. त्याच्याकडे एकच मोलाची वस्तू आहे, मुरासामे ही तलवार. ती त्याची नव्हे. कांतो प्रांताचा कुबो, म्हणजे शोगुनचा तिथला प्रतिनिधी, आशिकागा मोचिउजी याच्या घराण्याचं ते धन. १४४१च्या पाडावानंतर मोचिउजीच्या दोन कोवळ्या मुलांना तारुई इथे मारलं. तेही इतिहासात आहे. कादंबरीत बानसाकू तिथून त्या मुलांची आणि स्वतःच्या बापाची मुंडकी घेऊन निसटतो, त्यांना मूठमाती देतो आणि तलवार जपून ठेवतो. मोचिउजीचा जिवंत राहिलेला मुलगा नारिउजी आता कोगामध्ये कुबो म्हणून आहे. एक दिवस ही तलवार त्याच्या हाती द्यायची, एवढंच या घराचं व्रत.

इथे एक घोळ दूर करायला हवा. मुरासामे आणि मुरामासा वेगवेगळे. मुरामासा हा इसे प्रांतातल्या कुवाना इथला खरा लोहार, त्याच्या तलवारी आजही आहेत. मुरासामे फक्त कथेत आहे. शब्दाचा अर्थ अवचित येऊन जाणारी सर. मारण्याच्या इराद्यानं उपसली की पात्याच्या मुळाशी दव जमतं आणि रक्त लागलं की पाणी वाढून ते धुऊन काढतं, पावसाच्या सरीनं पानांची टोकं धुवावीत तसं. आजच्या व्हिडिओ खेळांत तिला पाण्याचा मारा करणारं शस्त्र करून टाकतात, आणि तिथेच चूक होते. या पाण्यानं शत्रू मरत नाही. हे पाणी म्हणजे तलवारीची ओळख आहे. खरी कोणती ते फक्त त्यावरून कळतं.

बानसाकूची सावत्र बहीण कामेझासा आणि तिचा नवरा हिकिरोकू, गावचा मुखिया, या दोघांचा डोळा तलवारीवर आहे. योशिरो कुत्रा त्यांच्या घरात शिरतो. त्यानं सरकारी पत्र फाडलं असा कांगावा करून दोघं बानसाकूला कोंडीत धरतात. बानसाकू ओळखतो की आपण जिवंत आहोत तोवर हे तलवार मागत राहणार. आपण गेलो तर गावाच्या लाजेखातर तरी पोराला सांभाळतील आणि तलवार त्याच्याजवळ राहील. तो मुलासमोर पोट चिरतो. शिनो तेव्हा ११ वर्षांचा. तो बापामागे मरायला निघतो आणि आधी जखमी योशिरोची तडफड संपवावी म्हणून मुरासामे चालवतो. कुत्र्याच्या मानेच्या जखमेतून मणी उडतो, त्याच्या डाव्या दंडावर आदळतो आणि तिथे पिओनीचा डाग उठतो. मण्यावर अक्षर ‘को’.

थोडं थांबून पाहा. मातृपितृभक्तीचा मणी हाती येतो तेव्हा आई नाही आणि बाप नुकताच गेला आहे. भक्ती करायला समोर कुणी उरलेलं नाही. उरली आहे ती फक्त तलवार. इथून पुढे शिनोसाठी बाप म्हणजे तलवार. बाकिननं सद्गुण एका वस्तूला बांधला आणि मग ती वस्तू पळवली.

शिनो आत्याकडे वाढतो. त्या घरातला नोकर गाकुझो याच्याकडे ‘कर्तव्य’ अक्षराचा मणी आहे. तोच पुढे इनुकावा सोसुके. दोघं गुपचूप भाऊ बनतात. घरातली दत्तक मुलगी हामाजी हिचं शिनोशी लग्न ठरलं आहे, निदान तोंडदेखलं. १४७८ साली शिनो १९ वर्षांचा होतो. तलवार घेऊन कोगाला जायची वेळ येते आणि हिकिरोकू सापळा रचतो.

हा सापळा बारकाईनं बघण्यासारखा आहे, आणि तो कळायला जपानी तलवार कशी जुळवलेली असते ते माहीत हवं. पातं मुठीत कायमचं बसवलेलं नसतं. पात्याचा मुठीतला भाग खडबडीत आणि गंजून काळपट पडलेला असतो, लोहाराचं नाव त्यावरच कोरतात. त्याला एक भोक असतं, मुठीलाही तसंच भोक, आणि दोन्हींतून बांबूची एक छोटी खुंटी आरपार जाते. ती मेकुगी. सारं पातं तिच्या भरवशावर. खुंटी ठोकून बाहेर काढायची, मूठ डाव्या हातात धरून पातं उभं ठेवायचं आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलका ठोसा द्यायचा. पातं सैल होऊन वर सरकतं. सरावलेल्या हाताला वेळ लागत नाही. पात्याच्या मुळाशी हाबाकी नावाची तांब्याची पट्टी असते, ती म्यानाच्या तोंडात घट्ट बसते. म्यान होनोकी झाडाच्या हलक्या लाकडाचं. दोन फाळी आतून कोरायच्या आणि भाताच्या खळीनं चिकटवायच्या. हे म्यान एका पात्यासाठी करतात. म्हणून दुसरं पातं त्यात घालायचं तर लांबी आणि बाक दोन्ही जुळावे लागतात. बाक चुकला तर ते अडकतं आणि लांबी कमी पडली तर आत खडखडतं.

आता रात्रीची नदी. हिकिरोकू शिनोला मासेमारीला नेतो. सोबत आबोशी सामोजिरो हा देखणा, गाणंबजावणं शिकवणारा, नीतीची चाड नसलेला रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई. ठरल्याप्रमाणे हिकिरोकू जाळं टाकताना पाण्यात पडतो. शिनो कपडे आणि तलवार नावेत टाकून त्याला वाचवायला उडी घेतो. नावेत सामोजिरो एकटा उरतो. शिनोच्या मुठीतलं पातं काढून तिथे हिकिरोकूचं बसवायचं आणि मुरासामे हिकिरोकूच्या म्यानात घालायची, एवढं काम त्याला सांगितलेलं. पण पातं हातात येताच ते काय आहे हे तो ओळखतो. तो मुरासामे स्वतःच्या म्यानात घालतो आणि आपलं पातं हिकिरोकूच्या म्यानात.

म्हणजे नाव काठाला लागते तेव्हा तीन म्यानांत तीन चुकीची पाती आहेत. शिनोकडे हिकिरोकूचं, हिकिरोकूकडे सामोजिरोचं, सामोजिरोकडे मुरासामे. तिघांनाही आपल्या मुठी ओळखीच्या वाटतात, कारण मुठी ज्याच्या त्याच्याच आहेत.

शिनोनं चूक कुठे केली? त्यानं पातं तपासलं नाही. पण उडी मारली ती नात्यानं बापाच्या ठिकाणी असलेल्या माणसाला वाचवायला. तो दुष्ट आहे हे शिनोला पुरतं ठाऊक आहे, तरी तो क्षणभर थांबत नाही. ज्या गुणाचा मणी त्याच्याकडे आहे त्या गुणानंच त्याचा घात केला. बाकिनची सगळ्यात उत्तम कारागिरी ती हीच, असं माझं मत आहे.

पुढे तिन्ही पाती आपापला हिशेब चुकता करतात. हिकिरोकू हामाजीचं लग्न इलाख्याच्या अंमलदाराशी लावायला निघतो. नवरी पळवली गेल्यावर त्याला शांत करण्यासाठी तो ‘मुरासामे’ पुढे करतो. अंमलदार तलवार हलवून पाहतो, पाणी काही येत नाही, आणि रागाच्या भरात तो हिकिरोकू आणि कामेझासा दोघांना ठार करतो. मालकाचा सूड घेणारा गाकुझो कैदेत जातो. तिकडे हामाजीला पळवून नेणारा सामोजिरो मारुझुका टेकडीवर तिचा जीव घेतो. तिथे तिचा हरवलेला सावत्र भाऊ इनुयामा दोसेत्सु येतो, सामोजिरोला मारतो आणि मुरासामे घेऊन निघून जातो. आणि शिनो कोगाच्या वाटेवर चालतो आहे.

त्याच्या निघण्याच्या आदल्या रात्रीचा हामाजीचा निरोप हे २५वं प्रकरण. बाकिनची भाषा इथे सात-पाच अक्षरांच्या लयीवर चालते, ओवी जशी आपोआप मनात म्हटली जाते तशी. हामाजी म्हणते, मला घेऊन चल, नाहीतर तुझ्या हातानं मार. शिनो नाही म्हणतो. त्याची कारणं चोख आहेत: आईबापांच्या संमतीशिवाय नेलं तर ते पळवणं ठरेल, आणि त्याच्या डोक्यावर बापाचं काम आहे. कारणं चोख आहेत आणि ती मुलगी लवकरच मरते. पुढे कितीतरी प्रकरणांनंतर बाकिन हामाजी याच नावाची दुसरी मुलगी आणतो, लहानपणी गरुडानं उचलून नेलेली सातोमींची राजकन्या, आणि पहिलीचा आत्मा तिच्या तोंडून बोलतो. शेवटी शिनोचं लग्न तिच्याशी होतं. मला हा उपाय पटत नाही. २५व्या प्रकरणानं जे दुखावलं ते त्यानं भरून येत नाही, आणि येऊही नये.

कोगामध्ये तलवार सादर करायच्या दिवशी सकाळी शिनो पात्यावरची धूळ पुसायला ती उपसतो, तेव्हा त्याला कळतं. इथे त्याच्यापुढे एक सोपी वाट होती, आहे ती तलवार पुढे करायची आणि पाण्याचं विचारलं तर हात वर करायचे. तो जाऊन खरं सांगतो. नारिउजीचा कारभारी त्याला हेर ठरवतो आणि चारी बाजूंनी शिपाई धावून येतात. शिनो लढत लढत होर्यूकाकूच्या छपरावर पोचतो.

त्याच्या अंगावर धाडलेला माणूस इनुकाइ केनपाची. हा तुरुंगाधिकारी होता. हे काम मला नको असं वारंवार म्हणाल्याबद्दल त्यालाच कैदेत टाकलेलं, आणि आता शिनोला पकडायला बाहेर काढलेलं. हत्यारबंद माणसाला जिवंत धरण्याची विद्या त्याला येते. त्याचं हत्यार जित्ते, मुठीजवळ आकडा असलेला लोखंडी दांडा. येणारं पातं त्या आकड्यात अडकवायचं आणि मनगट फिरवायचं. शिनो वार करतो, केनपाची तो झेलतो, आणि शिनोचं पातं मुठीजवळ तुटून दूर उडतं. हिकिरोकूचं ते हलकं पातं जित्तेसमोर टिकणार कसं? नदीवर झालेली चोरी कितीतरी प्रकरणांनंतर छपरावर अशी आवाज करून फुटते. दोघं झोंबतात आणि उतारावरून गडगडत जातात. उलटलेल्या गाडीतली भाताची पोती चढावरून घरंगळावीत अशी बाकिनची उपमा आहे. खाली बांधलेल्या नावेत पडतात, दोर तुटतो आणि नाव प्रवाहाला लागते. शुद्धीवर येतात तेव्हा कळतं की दोघांकडे मणी आहेत. केनपाचीच्या मण्यावर ‘सचोटी’. पुढे तो आपल्या नावातल्या ‘केन’ अक्षराला रत्नाचं चिन्ह जोडतो आणि त्याचं ‘गेन’ होतं. म्हणून आपण त्याला गेनपाची म्हणतो.

चित्रकारांनी हे दृश्य सोडलं नाही. कुनियोशीचं तीन कागदांचं आडवं चित्र १८४० सालचं, योशितोशीचं १८८५ सालचं. योशितोशीनं दोन कागद एकावर एक जोडून उभी पट्टी केली आणि वर शिनो, खाली गेनपाची दाखवला. दोघांतला चढ असा की आपल्या पायाखालची कौलंही घसरल्यासारखी वाटतात. कथा पुरेपूर वाचलेल्या माणसाचं ते चित्र आहे.

बाकिन हे सगळं अंदाजानं करत नव्हता. नवव्या संचाच्या एका प्रस्तावनेत त्यानं कादंबरीचे सात नियम सांगितले, चिनी टीकाकारांकडून घेतलेले आणि स्वतःच्या कामावर घासून पाहिलेले. मुख्य आणि गौण पात्रं वेळोवेळी बदलणं. पुढच्या घटनेचा धागा आधी पेरून ठेवणं. मोठ्या प्रसंगाआधी रंगाचा हात देऊन पट तयार करणं. एकसारख्या गोष्टी समोरासमोर ठेवणं. उलटं करणं. काटकसर, म्हणजे वाचकाला माहीत असलेलं पात्राच्या तोंडून आटोपशीर सांगणं. आणि शेवटचा, शब्दांपलीकडचा लपवलेला अर्थ. तो कळणारा रसिक शंभर वर्षांनी भेटेल अशी वाट बघावी, असं तो म्हणतो.

यांतल्या पाचव्या नियमाला, उलटं करण्याला, त्यानं उदाहरण दिलं ते याच जोडीचं. ३१व्या प्रकरणात लढत मनोऱ्यावर आहे आणि नाव खाली बांधलेली आहे. पुढे सेंजू नदीवर पुन्हा झोंबाझोंबी होते. ती नावेतच आहे आणि मनोरा कुठेच नाही. आधी गेनपाची शिनोला धरायला आला होता, आता शिनो आणि दोसेत्सु गेनपाचीला धरायला धडपडतात. माणसं तीच, काम उलटं. एकसारखी गोष्ट, जसा बैलासमोर बैल, ठेवणं हा चौथा नियम, तोच माणूस उलट्या जागी ठेवणं हा पाचवा. हा फरक त्यानं नेमका सांगितला आहे. आज कथा लिहिणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडावा.

छपरानंतर शिनोची खरी परवड सुरू होते. ग्योतोकू गावी खाणावळवाल्याच्या घरी त्याला आसरा मिळतो. त्या घरचा मुलगा इनुता कोबुंगो, तोही मणीवाला. जखमा आणि नदीवरचा वारा यांनी शिनोला धनुर्वात होतो. कथेत त्यावर एकच उपाय आहे, तरुण स्त्री-पुरुषांचं ताजं रक्त. कोबुंगोची बहीण नुई आणि शिनोसारखाच दिसणारा तिचा नवरा फुसाहाची यांचा त्या रात्री जीव जातो, आणि त्यांच्या रक्तानं शिनो वाचतो. त्यांच्या मुलाची जन्मापासून घट्ट मिटलेली डावी मूठ तेव्हा उघडते आणि आत ‘करुणा’चा मणी. तो इनुए शिंबेइ. आठांतला हा सगळ्यात लहान बाकिनला फार प्रिय होता. शेवटच्या संचात त्याला शेकडो पानं मिळाली आहेत. मला तो शिनोच्या जवळपासही येत नाही. त्याचं काही चुकतच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाक्केन्देनवर जो मोठा हल्ला झाला तो याच मुद्द्यावर. त्सुबोउची शोयोनं १८८५-८६ साली कादंबरीच्या तत्त्वांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की हे आठ वीर म्हणजे आठ सद्गुणांचे राक्षस आहेत, त्यांना माणूस म्हणता येत नाही. आधुनिक जपानी कादंबरी या आक्षेपावर पाय देऊन उभी राहिली. शिंबेइला तो आक्षेप पुरेपूर लागू आहे. शिनोला लावायचा तर मात्र हिशेब जुळत नाही. पातं न तपासणारा, प्रेयसीला चोख कारणं देऊन मागे ठेवणारा, पोचवायची वस्तू हरवून बसलेला आणि तसं तोंडावर सांगणारा, परक्या नवरा-बायकोच्या रक्तानं वाचलेला आणि ते ओझं घेऊन चालणारा. हा सद्गुणाचा पुतळा नव्हे. सद्गुण पाळायला गेलेल्या माणसाचं काय काय होतं, ते त्याच्या रूपानं मांडलेलं आहे.

मुरासामे दोसेत्सुमार्फत पुन्हा शिनोकडे येते. शेवटच्या महायुद्धात नारिउजी सातोमींच्या शत्रूंच्या बाजूला असतो. कोनोदाइच्या रणात शिनो शत्रूच्या रथांवर दिवट्या बांधलेली रानडुकरं सोडतो आणि खुद्द नारिउजीला कैद करतो. ज्याच्या किल्ल्यात त्याला हेर म्हणून घेरलं होतं, तोच आता त्याच्या ताब्यात. तह झाल्यावर शिनो त्याच्या हाती मुरासामे देतो. आजोबांनी सांभाळलेली, बापानं जिवाची किंमत देऊन ठेवलेली तलवार पोचली. पुढे आठही वीरांच्या जन्मखुणा विरतात, मण्यांवरची अक्षरं पुसली जातात आणि म्हातारपणी सगळे डोंगरात निघून जातात.

बाकिन स्वतः सामुराई घरातला. बाप लहानपणीच गेला, नोकरी सुटली, पुढे वहाणांचं दुकान असलेल्या विधवेशी लग्न केलं आणि लेखणीवर पोट भरलं. घराला पुन्हा सामुराईचा दर्जा मिळावा हा त्याचा ध्यास होता. एकुलता मुलगा, जो वैद्य होता, १८३५ साली गेला. दुसऱ्या वर्षी बाकिननं मोठा समारंभ करून देणग्या जमवल्या, जपलेली पुस्तकं विकली आणि त्या पैशांतून नातवासाठी शोगुनच्या सेवेतली एक कनिष्ठ जागा विकत घेतली. तोवर उजवा डोळा गेला होता. मग डावाही अधू होत गेला. तो पानावर मोजक्या ओळी काढू लागला, अक्षरं मोठी मोठी करत. १८४१च्या आरंभी तेही जमेना.

तेव्हा मुलाची विधवा, सून मिची, लिहायला बसली. तिला काना लिपी येत होती, चिनी अक्षरं थोडीच. बाकिन एकेक अक्षर सांगे: डावीकडे हे चिन्ह, उजवीकडे ते, वर हे, खाली ते. ती विचारी, तो पुन्हा सांगे, आणि वाक्य पुढे सरके. त्या वर्षीच्या आठव्या महिन्यात, जुन्या पंचांगाप्रमाणे, कादंबरी पूर्ण झाली.

ज्यांना वाचायची आहे त्यांनी १५व्या प्रकरणापासून ३१व्यापर्यंत आधी वाचावं. शिनोची मूळ कथा तेवढ्यात येते. ग्लिन वॉली यांचा इंग्रजी अनुवाद २०२१पासून भागाभागानं येतो आहे. आणि पुढे कधी १७७व्या प्रकरणापर्यंत पोचलात, तर तिथे जरा थांबा. मूळ हस्तलिखितात त्या प्रकरणाच्या मध्येच अक्षर बदलतं. तिथपर्यंत सासऱ्याचं, तिथून पुढे सुनेचं.